शुभंकराला सोबत कोणाची?

धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. धुळ्यात त्यांचे नाव मराठीच्या अभ्यासासाठी आणि समाजकार्यासाठी उभ्या केलेल्या संस्थांमुळे घेतले जाते. पण त्यांच्या आयुष्यातील एक मोठे काम त्यांच्या घरातल्या दुखण्यातून जन्माला आले. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. मायभूमीपासून हजारो मैल दूर राहून, ज्या आजाराचे नाव आपल्याकडे दार लावून घेतल्याशिवाय उच्चारले जात नसे, तो आजार त्यांनी जोडीदार म्हणून वर्षानुवर्षे पाहिला. पुढे १९९७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ सुरू झाली. तिला सारे ‘सा’ या सुटसुटीत नावाने ओळखतात. २००४ च्या ‘देवराई’ या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटामागेही वाणींचा मोठा हात होता. त्या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला रुग्ण लक्षात राहतो, आणि त्याला सांभाळताना स्वतःचा संसार ओढणारी त्याची बहीणही तितकीच लक्षात राहते. २०१७ मध्ये वाणी गेले.

इतक्या अनुभवी माणसाने एखाद्या रुग्णालयाला देणगी देऊन समाधान मानले असते, तरी ते मोठेच काम ठरले असते. ‘सा’ने मात्र रुग्णांच्या कुटुंबीयांना एकमेकांसमोर बसवण्यावर भर दिला. डॉक्टर नसलेली, औषध न देणारी, केवळ त्याच वाटेने चाललेली माणसे. हे औषधोपचाराला पर्यायी नव्हते, त्याच्या जोडीचे होते. या लेखाचा विषय तोच आहे. फरक इतकाच, की आज ती माणसे एका खोलीत जमावी लागत नाहीत. ती खिशातल्या मोबाइलमध्ये भेटतात.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातून, विशेषतः डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या कामातून, मराठीला दोन सुरेख शब्द मिळाले: आजारी व्यक्ती ती ‘शुभार्थी’ आणि तिला सांभाळणारी ती ‘शुभंकर’. शब्द सुंदर असला, तरी त्याचे ओझे हलके होत नाही. त्यातही शुभंकर जर पती किंवा पत्नी असेल, आणि दोघांनी सत्तरी गाठली असेल, तर ते ओझे वेगळ्याच जातीचे असते. मुलगा आईची सेवा करतो, तेव्हा रात्री त्याला आपले मन मोकळे करायला स्वतःची बायको असते. नवऱ्याची सेवा करणाऱ्या बाईने कोणाशी बोलावे? जिच्याशी चाळीस-पंचेचाळीस वर्षे सगळे बोलणे झाले, तीच व्यक्ती आता अंथरुणात आहे, आणि बोलायचे आहे ते नेमके तिच्याविषयी.

अमेरिकेत मॅगी स्ट्राँग या लेखिकेने दीर्घकालीन आजारी पतीची सेवा करणाऱ्या पत्नीचे हे एकटेपण पुस्तकातून मांडले आणि १९८८ मध्ये तिथे अशा निरोगी जोडीदारांचीच एक संघटना उभी राहिली. रुग्णांच्या संघटना तोवर पुष्कळ होत्या. रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या माणसाची स्वतंत्र संघटना ही नवी गोष्ट होती.

खानदेशात माणसांचा तुटवडा नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते खरेही आहे. श्रावणात कानबाईच्या रोटांना सारी भाऊबंदकी एका छताखाली येते. पलंगावरच्या काकांना प्रत्येक जण वाकून विचारतो, ‘कसं वाटतं?’ चुलीपाशी रोटांचे पीठ मळणाऱ्या काकूंना तो प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच, तर उत्तराची वाट पाहत नाही. सोमवारी कानबाईचे विसर्जन होते, संध्याकाळी गाड्या सुरतेला, नाशिकला, पुण्याला निघतात आणि घरात पुन्हा दोनच माणसे उरतात. यात नातलगांचा दोष काढण्यात अर्थ नाही. जे त्यांनी भोगलेले नाही, त्याविषयी नेमका प्रश्न त्यांना सुचणार कसा?

अनोळखी सहप्रवाशांना तो प्रश्न सुचतो. पार्किन्सन्सचे उदाहरण घेऊ, कारण मराठीत या आजाराभोवती शुभंकरांचे काम चांगले उभे राहिले आहे. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ दोन दशकांहून अधिक काळ रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांना एकत्र आणत आहे. घरोघरी भेटी, मासिक सभा, ११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन्स दिनानिमित्तचा मेळावा असे त्याचे स्वरूप होते. मंडळाच्या शोभना तीर्थळी यांनी ‘पार्किन्सन्सविषयी गप्पा’ या शीर्षकाखाली सातत्याने लिहून शुभंकराचा अनुभव साध्या, प्रसन्न मराठीत मांडला आहे. करोनाच्या टाळेबंदीत प्रत्यक्ष सभा थांबल्या आणि त्या मोबाइलच्या पडद्यावर आल्या. शहरवासीयांना ही अडचण वाटली असेल. चोपडा, पारोळा, साक्री, शिंदखेडा अशा गावच्या माणसासाठी मात्र त्यामुळे एक दार उघडले. जी सभा गाठायला रात्रभराचा प्रवास करावा लागला असता, आणि रुग्णाला एकटे सोडून तो करणे अशक्यच होते, ती आता ओसरीवर बसून ऐकता येते.

अशा गटात नेमके काय मिळते? ‘मानसिक आधार’ हा शब्द फार मोघम आहे. दोन-तीन प्रसंग पाहिले, की गोष्ट स्पष्ट होईल.

पार्किन्सन्सच्या काही रुग्णांना झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडण्याचा विकार जडतो. निरोगी माणसाचे शरीर स्वप्न पाहताना सैल पडलेले असते. या विकारात ती शिथिलता राहत नाही. स्वप्नात कोणी अंगावर धावून आले, तर रुग्ण खरोखरच हात उगारतो, आणि तो हात शेजारी झोपलेल्या पत्नीला लागतो. जन्मात आवाज न चढवलेला नवरा मध्यरात्री ठोसा मारतो, सकाळी त्याला त्यातले काहीच आठवत नाही. दंडावरचा काळानिळा डाग पदराखाली झाकणारी बाई हे कोणाला सांगणार? मुलीला सांगितले तर ती घाबरेल, जावेला सांगितले तर त्याची चर्चा होईल, आणि डॉक्टरांसमोर नवरा शेजारीच बसलेला असतो. गटात मात्र तिने चाचरत दोन वाक्ये बोलून पाठवली, की तासाभरात कोणी तरी सांगते: आमच्याकडेही हेच होते, हा आजाराचा भाग आहे, डॉक्टरांना जरूर सांगा, यावर उपाय आहेत, तोवर खाटा वेगळ्या करा, खाटेशेजारी जमिनीवर गादी पसरा, टोकदार वस्तू दूर ठेवा. बाईच्या मनातले ‘यांना माझा इतका राग आहे का?’ हे शल्य तिथे निघून जाते. ते काढायला औषध पुरत नाही.

दुसरा प्रसंग भासांचा. काही रुग्णांना खोलीत अनोळखी मुले खेळताना दिसतात, कोपऱ्यात कोणी उभे असल्यासारखे वाटते. हे आजारामुळे होते, तसेच औषधांच्या मात्रेमुळेही होऊ शकते. अशा वेळी आपल्याकडे ‘बाहेरचे’ पाहणाऱ्याकडे नेण्याचा सल्ला देणारे गल्लीत दोघे तरी निघतात. त्याहून घातक म्हणजे घाबरून औषधच बंद करणे. पार्किन्सन्सची लेव्होडोपासारखी औषधे एकाएकी थांबवल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. गटातल्या अनुभवी शुभंकराचे काम इथे निदान करण्याचे नसते. ‘हे आम्ही पाहिले आहे, घाबरू नका, गोळी स्वतःहून थांबवू नका, आजच डॉक्टरांना फोन करा’ एवढेच त्याने सांगायचे. एवढ्यानेच एखादा अनर्थ टळतो.

आणि मग रोजची छोटी छोटी युक्तीची कामे. डॉक्टर सांगतात, लेव्होडोपाची गोळी जेवणाआधी पुरेसा वेळ राखून घ्या, कारण प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात. आमच्याकडे उडदाची डाळ आणि कळण्याची भाकरी ताटात कधी येईल याचा नेम नाही! गोळीचा गजर आणि जेवणाची वेळ यांचे जमवायचे कसे, हे दहा वर्षे ते जमवलेली बाईच उत्तम सांगते. चालताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, तेव्हा आकडे मोजत, टाळीच्या ठेक्यावर किंवा जमिनीवर आखलेल्या पट्ट्या ओलांडत चालल्याने पाऊल सुटते. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या तरुण अभिकल्पकाराने पाहिले, की पार्किन्सन्स झालेल्या आपल्या काकांना सपाट जमिनीवर चालणे कठीण जाते, पण जिना ते सहज चढतात. तिने जमिनीवर जिन्याचा भास होईल असे चित्र मांडले आणि काका त्यावरून चालले. २०१५ च्या तिच्या भाषणानंतर ही कल्पना जगभर पोहोचली. मूळ निरीक्षण प्रयोगशाळेतले नव्हते, घरातले होते. (अर्थात अशी युक्ती घरी करून पाहताना तोल सावरायला जवळ माणूस हवेच, आणि फिजिओथेरपिस्टना आधी विचारलेले बरे.)

दूरच्यांचा प्रत्येक सल्ला मात्र आपल्या मातीत चालतोच असे नाही. पुण्याच्या हवेत संध्याकाळी पाच वाजता फिरायला जा म्हणणे ठीक. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना त्या वेळी रस्त्यावर उतरणे निरोग्यालाही झेपत नाही. आधीच मंद गिळणारा, पाणी कमी पिणारा रुग्ण या उन्हात लवकर कोरडा पडतो, त्याचा रक्तदाब उतरतो, बद्धकोष्ठता वाढते. वीज गेल्यावर काय करायचे, हा प्रश्न तर मुंबईकर मित्राच्या ध्यानातही येत नाही. म्हणून मोठ्या गटात असताना जळगाव-धुळ्याकडचे दोन-चार जण शोधून त्यांच्याशी वेगळी गाठ बांधावी, असे मला वाटते. दोन्ही शहरांत अंतर अवघे नव्वदेक किलोमीटर. ऊन एकच, बाजार एकच, बोली एकच.

बोलीवरून आठवले. पुष्कळ ज्येष्ठ स्त्रिया ‘मला टाइप करता येत नाही’ म्हणून गटात गप्प बसतात. टाइप करायचे कशाला? माइकचे चिन्ह दाबून अहिराणीत बोलावे, लेवा बोलीत बोलावे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या म्हणत गेल्या आणि लिहून घेणाऱ्यांनी लिहून घेतले. जात्यावर बसलेल्या दोघींनी एकमेकींचे दुःख ऐकायचे, ही रीत या मातीत जुनी आहे. जाते गेले, तरी ऐकणारी हवीच असते.

आता अवघड प्रश्न. आपल्या माणसाच्या देहाची लाज अनोळखी लोकांपुढे मांडणे योग्य आहे का?

‘घरातली गोष्ट घरात’ हा संस्कार काही उगीच नाही. ज्या माणसाने पस्तीस वर्षे शाळेत मुख्याध्यापकी केली, ज्याच्या इस्त्रीच्या शर्टाची गावात ख्याती होती, त्याच्या ओल्या अंथरुणाविषयी बायकोने शंभर जणांच्या गटात बोलावे, हे त्याला कळले तर काय वाटेल? माझ्या मते याचे उत्तर गप्प बसण्यात नाही आणि सगळे उघडे करण्यातही नाही. शुभार्थीला समजत असेल, तर त्याला आधी विचारावे: ‘मी या लोकांशी बोलते, तुमच्या आजाराविषयी विचारते, चालेल ना?’ बरेच जण हो म्हणतात. काही जण स्वतःच गटात येतात. जो नको म्हणेल, त्याच्या नावाशिवाय, गावाशिवाय, केवळ लक्षण सांगून विचारता येते. रुग्णाचा फोटो टाकू नये. नाव दिसणारा रिपोर्ट तर कधीच टाकू नये. जे फार खाजगी आहे, ते सर्वांपुढे न मांडता एखाद्या विश्वासू व्यक्तीला फोनवर सांगावे.

पण आणखी एक गोष्ट आहे, जी रुग्णाच्या देहाविषयी नसून शुभंकराच्या मनाविषयी असते, आणि तिच्यावर केवळ तिचाच हक्क आहे. सलग तिसऱ्या रात्री जागरण झाल्यावर ‘आता यातून सुटका व्हावी’ असा विचार मनात चमकून जातो. कोणाची सुटका, हेही त्या क्षणी स्पष्ट नसते. हा विचार येणारी बाई स्वतःला पापी समजते. सणाला जमलेल्या चाळीस माणसांत तो उच्चारण्याची सोय नसते. जिला पाहिलेले नाही, जिच्या घरी लग्नाला जायचे नाही, अशा कोल्हापूरच्या किंवा इंदूरच्या मैत्रिणीपाशी तो उच्चारता येतो, आणि पलीकडून ‘मलाही असं वाटलं होतं’ हे उत्तर येते. प्रेम आटले म्हणून हा विचार येत नाही, शरीर थकले म्हणून येतो. तो वारंवार येऊ लागला, किंवा स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करावे असे वाटू लागले, तर मात्र मैत्रिणीवर विसंबू नये. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी विनामूल्य लागतो आणि मराठीत बोलता येते.

पुरुष शुभंकरांचे दुखणे थोडे निराळे. बायकोची सेवा करणाऱ्या नवऱ्याचे गावभर कौतुक होते. नवऱ्याची सेवा करणाऱ्या बायकोचे होत नाही, कारण ते तिचे कामच मानले जाते. मात्र कौतुक झालेल्या नवऱ्याला रडण्याची मुभा नसते. कट्ट्यावरच्या मित्रांशी तो कापसाच्या भावावर दोन तास बोलेल, बायकोची वेणी घालताना हात थरथरतो हे बोलणार नाही. समोर चेहरा नसला, की पुरुष थोडे अधिक बोलतात. डॉ. वाणींसारख्या पतीने पत्नीच्या आजाराविषयी उघडपणे बोलणे ही म्हणूनच मोठी गोष्ट होती.

गटांत गैरप्रकारही असतात. ‘मुळापासून बरा करतो’ म्हणणारे चूर्णवाले, महिन्याभराच्या ओळखीनंतर उसने पैसे मागणारे, मदतीच्या नावाखाली बँकेचा ओटीपी विचारणारे. ओळख कितीही गोड असो, पैसे आणि ओटीपी देऊ नये. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० वर कळवावे. औषधाची मात्रा गटात ठरवू नये. हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

खरी मर्यादा वेगळीच आहे. रात्री दोन वाजता न्हाणीघरात पडलेल्या माणसाला उचलायला गटातली शंभर माणसे मिळूनही उपयोगी पडत नाहीत. त्यासाठी शेजारचा मुलगाच लागतो. म्हणून भिंतीवर, दूरध्वनीपाशी, मोठ्या अक्षरांत तीन नावे लिहून ठेवावीत: उचलायला कोण येईल, गाडी कोण काढेल, दोन तास घरी कोण बसेल. त्या तिघांना हे आधीच सांगून ठेवलेले असावे. दूरचे मित्र आणखी एक काम चांगले करतात: जवळच्यांकडे काय मागावे हे शिकवतात. ‘काही लागलं तर सांगा’ असे म्हणणाऱ्या भाच्याला ‘दर बुधवारी चार ते सहा तू येऊन बस, मी देवळात जाऊन येते’ असे नेमके सांगितले, तर तो येतो. नेमके सांगितले नाही, तर बिचाऱ्याला कळत नाही. घरात मागायलाच कोणी नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६७ हा क्रमांक जवळ असावा. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे आणि जळगावचे, अशी दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आपल्या हाताशी आहेत. रुग्णाला तपासायला नेले, की त्याच फेरीत शुभंकरानेही आपला रक्तदाब आणि साखर पाहून घ्यावी.

हे शेवटचे वाक्य उपचारापुरते लिहिलेले नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत शुल्झ आणि बीच या संशोधकांनी आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या वृद्धांचा सुमारे चार वर्षे मागोवा घेऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेवेचा ताण जाणवणाऱ्या जोडीदारांत मृत्यूचे प्रमाण, अशी जबाबदारी नसलेल्या समवयस्कांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. पण जे सेवा करत होते आणि ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी लक्षणीय वाढ दिसली नाही. घातक सेवा नव्हती. घातक होता तो ताण. घरात कोणी ‘आई सारखी मोबाइलवर असते’ म्हणून कुरकुर करत असेल, तर त्याला हे आवर्जून वाचून दाखवावे. रात्री साडेनऊला, काकांना झोपवून झाल्यावर, अर्धा तास ती जे बोलते, ते तिच्या रक्तदाबाच्या गोळीइतकेच गरजेचे असू शकते.

शुभार्थी गेल्यानंतर काय, हा विषय गटांत फारसा बोलला जात नाही. काही जण त्याच दिवशी गटातून बाहेर पडतात. तिथली औषधांची नावे वाचवत नाहीत. काही जण राहतात आणि नव्याने आलेल्यांना उत्तरे देत बसतात. दोन्ही ठीक आहे. मात्र गटातल्या इतरांनी पहिल्या महिन्यात, दहाव्या-तेराव्याची गर्दी ओसरल्यावर, एकदा तरी फोन करावा. त्या दिवसांत मोबाइलमध्ये सकाळी सहाच्या गोळीचा गजर अजून लावलेलाच असतो. तो वाजतो, आणि बंद करायला हात धजावत नाही.